कायलीतून आणलेली सुईण

मी चौथी शिकलेला माणूस. फौजेत शिपाई म्हणून भरती झालो आणि शिपाई म्हणूनच सुटलो, तरी गाव मला सुभेदार म्हणतं. टिंगलीनं म्हणतं हे मला ठाऊक आहे. लिहायची सवय नाही. तरी हे लिहून ठेवतोय, कारण जिचं म्हणणं खरं होतं ती आता नाही, आणि ती होती तेव्हा मी तिचं ऐकलं नाही.

आमचं गाव रहिमतपूरच्या अलीकडं. खालच्या आळीला, माझ्या घराला भिंत लागून, एक तीन खणांचं कौलारू घर आहे. ते इंजिनेरसाहेबांचं. नदीचं पाणी यंत्रानं उचलून उसाला पाजणारा आमच्या मुलखातला पहिला माणूस तो. माझ्या बापाच्या वयाचा. लहानपणी मी त्याला बघितलाय असं लोक सांगतात, मला आठवत नाही, म्हणून मी ते धरत नाही. त्याची पोरंबाळं पुण्या-मुंबईकडं गेली आणि घराला कुलूप लागलं. दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या साली साताऱ्याहून एक समिती आली. त्यांनी कौलं फिरवली, भिंतींना चुना दिला, आणि दाराशी काळा दगड बसवला. दगडावर कोरलं की यांचा जन्म या घरात झाला. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले.

मला पहिल्यापासून संशय. घराच्या मागं परडं आहे, विहीर आहे. साताऱ्याच्या माणसांना आमच्या गावच्या मेलेल्या माणसाचा एवढा पुळका कशाला? मी कुंपणावरून नजर ठेवून असायचो.

आमच्या कारभारणीला वेगळीच गंमत वाटत होती. पेढा खाताखाता ती म्हणाली, "दगडावर खोटं लिवलंय. ते आमच्यात जल्मलं."

हे मला नवीन नव्हतं. तिचं माहेर इस्लामपूरजवळ, कृष्णाकाठी. इंजिनेरसाहेबांची आई त्या घरची लेक, हिच्या आज्याची थोरली बहीण. लग्न झाल्यापासून ही मला सांगत आली होती की ते आमच्या मागल्या खोलीत जन्मले, नदीला महापूर होता, आणि सुईण पलीकडच्या काठाची म्हणून तिला कायलीत बसवून आणली. काईल म्हणजे गूळ शिजवायची मोठी पसरट कढई. मी दरवेळी विचारायचो, "कशावरनं?" ती म्हणायची, आजीनं सांगितलं. मी म्हणायचो, कायलीत गूळ शिजतो, सुईण शिजत न्हाई. आणि हसायचो. चाळीस वर्षं एकाच गोष्टीवर हसलो. माहेरचं बायका वाढवून सांगतात असं माझं मत. ती वर्षातून दोनदा माहेरी जायची आणि ती खोली सारवून यायची. त्यातही मला संशय, की तिचा चुलतभाऊ घर फुकटात राखून घेतोय.

त्या दिवशी मी तिला दटावलं, की चार लोकांत असलं बोलू नको. ती गप्प बसली. मला आता वाटतं, तेवढं तरी बोलू द्यायला पाहिजे होतं.

पुढल्या पौषात तिचं पोट धरलं. आधी रहिमतपूरला, मग सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं अकरा दिवस मी व्हरांड्यात घोंगडी टाकून होतो. डाक्टर काय बोलायचा ते अर्धं कळायचं, अर्ध्यावर माझा विश्वास बसायचा नाही. शेवटच्या दोन दिवसांतली गोष्ट. ती शुद्धीत होती. मी मोसंबी सोलत होतो. ती म्हणाली, "आवं, ती मागली खोली पाडू दिऊ नगा."

कुठली, म्हणून विचारलं.

"आमची. जावयाला ट्रेलर लावायला जागा पायजे म्हणून भाऊ पाडणार हाय. तुमास्नी माझं कवाच खरं वाटलं न्हाई. पण पाडू दिऊ नगा."

मी बरं म्हणालो. आजारी माणसाला म्हणतात तसं बरं. ती ओळखून होती. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मोसंबीची फोड घेतली नाही.

ती गेल्यावर मी कार्डं टाकली. आमच्याकडं वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडतात, म्हणजे हातात घेतल्याबरोबर कळावं आणि मग वाचावं. पोस्टातल्या बाकावर बसून एकेका कार्डाचा कोपरा मीच फाडला. लेक कोरेगावला दिलेली. ती महिनाभर राहिली आणि गेली. मग घर खायला उठलं. समितीला राखणदार पाहिजे होता. ज्यांच्यावर संशय आहे त्यांच्या आत जाऊन बसावं असा विचार करून मी ते काम धरलं.

काम एवढंच. सकाळी दार उघडायचं, झाडायचं, फडक्यानं काच पुसायची, शाळेची पोरं आली तर कशाला हात लावू द्यायचा नाही. समितीचे चिटणीस साताऱ्याचे, शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. अंगानं किरकोळ, कोट घालणारे, आणि सगळ्या गावाला अहोजाहो करणारे. एवढं गोड बोलणारा माणूस मला कधीच बरा वाटलेला नाही.

आतला एकेक जिन्नस मी तपासायला लागलो. पितळी समया बाजारातल्या, तळाला दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती, ती मी नखानं काढली. पाळण्याखाली लिहिलेलं, की साहेब लहानपणी ह्यात झोपले. मी पाळणा उलटा केला तर खाली मशिनीतले स्क्रू. त्यांच्या लहानपणी सुतार लाकडी खुंट्या मारायचे. म्हणजे साहेब या पाळण्यात झोपले असतील तर म्हातारपणी झोपले असतील. मी हे चिटणिसांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, सुभेदार, लोकांना काहीतरी दिसायला लागतं. मी मनात गाठ मारली, की हा माणूस खोटं बोलतो आणि कबूलही करतो, म्हणजे जास्त वाईट.

एकच गोष्ट जुनी होती. कौलं फिरवताना आढ्याजवळ बांबूच्या नळीत एक कागद सापडला होता. तो काचेच्या पेटीत ठेवलेला. खाली लिहिलेलं, घराण्यातील मोडी पत्र. मोडी आता गावात कोणाला येत नाही. शाळेचे मास्तर पोरांना सांगायचे, बघा, पूर्वीचे लोक कसं सुंदर लिहायचे. त्यात काय लिहिलंय हे कोणी विचारलं नाही.

फाल्गुनात मेव्हण्याचं, म्हणजे तिच्या त्या चुलतभावाचं, पत्र आलं. दाजी, पाडवा झाला की मागली खोली पाडून घेतो, अक्काचं काही सामान असलं तर घेऊन जावा. मी पत्र खिशात ठेवलं आणि नेहमीसारखी काच पुसायला घेतली. पुसतापुसता मला त्या मोडी कागदाच्या कोपऱ्यावर डाग दिसला. आधी वाटलं, झुरळाचं काम. मग ऊन पडलं तसं लाल दिसलं. चारी कोपऱ्यांना. ते कुंकू होतं.

मी तिथंच खाली बसलो. कारण असा कागद मी एकदा हातात धरलेला होता. फौजेत होतो, छावणीत डाक आली, आणि माझ्या नावाच्या पत्राच्या चारी कोपऱ्यांना कुंकू. मला लेक झाली होती. आमची ही पहिल्या खेपेला माहेरी गेलेली, आणि तिच्या माहेराहून ते पत्र आलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्यात जन्मलेल्या कुठल्याही माणसाला कळतं. माझी लेक त्याच मागल्या खोलीत जन्मली. मग इंजिनेरसाहेब तर आईचे पहिलेच. ते सासरच्या घरात कसे जन्मतील? आणि शुभ बातमीचा कागद ह्या घरात सापडला, म्हणजे तो बाहेरून आला. स्वतःच्या घरातून स्वतःच्याच घराला कोण पत्र लिहितं?

मी रोज तो दगड ओलांडून आत जात होतो आणि एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझा संशय सगळा पितळी समयांवर खर्च झाला होता.

सोमवारी ते घर बंद असतं. त्या सोमवारी मी पेटीतून कागद काढला, त्याच्या जागी दुसरा जुना कागद ठेवला, आणि तो बंडीच्या आत घालून रहिमतपूरला गेलो. फौजेत एवढी वर्षं काढली, कधी सुतळीचा तोडा चोरला नाही. त्या दिवशी एसटीत कोणी माझ्याकडं बघितलं तरी मी बंडीवर हात धरायचो.

रहिमतपूरला एक जुने तलाठी होते, नजर अधू झालेली, भिंगातून वाचायचे. त्यांच्याकडं लोक जुने कागद घेऊन यायचे ते भाऊबंदकीचेच. त्यांनी कागद बघायच्या आधी मला बघितलं.

"कुणाच्या जमिनीचं हाय?"

जमिनीचं नाही म्हणालो.

"मग कशाला आलास गड्या? जमिनीचं नसलं तर मोडी कोण वाचून घेतंय?"

मी म्हणालो, बायकोचं आहे. त्यांनी भिंग खाली ठेवलं. बायको कधी गेली, कशानं गेली, सगळं विचारून घेतलं. मग वाचायला लागले. मायना, नावं, नमस्कार, ते मी इथं लिहीत नाही. पुढं जे होतं ते त्यांनी थांबत थांबत वाचलं, आणि मला पाठ आहे.

"चिरंजीव मुलगी पहाटे सुखरूप बाळंत जाहली. पुत्र जाहला. नदीस पाणी फार. सुईण पलीकडील, ती कायलीत बसवून आणिली. मागील खोलीत बाजेवर आहे. पाणी उतरलियावर बारशास यावे."

मी म्हणालो, कायलीचं परत वाचा.

त्यांनी परत वाचलं. मी तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा ते चिडले, म्हणाले, तुला ऐकायला येत नाही का माझ्यावर विश्वास नाही? मला तिचं तोंड दिसत होतं. पेढा खाताना दिसत होतं तसं. तलाठ्यांनी न विचारता सगळा मजकूर बाळबोधीत, म्हणजे नेहमीच्या लिपीत, उतरून दिला आणि वर म्हणाले, चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही.

कागद गुपचूप पेटीत ठेवून गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण मला ते जमेना. बुधवारी चिटणीस आले तेव्हा मी त्यांच्यासमोर बाळबोधी नक्कल टाकली, आणि कागद नेला होता हेही सांगितलं. ते रागावले नाहीत. नीट वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं. मग माझ्याकडं बघून हळूच विचारलं, तुमच्या सासरवाडीला त्या घरात तुमचा हिस्सा आहे का?

मी महिनाभर ज्याच्यावर पाळत ठेवली तो माझ्यावर पाळत ठेवून होता.

नाही म्हणालो. हिस्सा नाही, नको आहे. फक्त दगडावरचं बदला, किंवा मेव्हण्यानं ती मागली खोली पाडू नये एवढं समितीच्या कागदावर लिहून द्या.

त्यांनी नक्कल घडी घालून मला परत दिली. मग म्हणाले, "सुभेदार, पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे मला कळत नाही का? माझा जन्मही आजोळचाच."

"मग दगड का लावला?"

"घर इथं मिळालं म्हणून. नाहीतर हेही पडलं असतं."

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. दगड बदलायला समिती तयार होणार नाही, पुढाऱ्यांना तोंड दाखवता येणार नाही, सगळं त्यांनी समजावून सांगितलं. लिहून द्यायलाही तयार नाहीत, जिल्हा दुसरा, घर दुसऱ्याचं. मी किल्ल्या त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी त्या परत माझ्याकडं सरकवल्या. म्हणाले, जाऊन तर या, पाडव्याला चार दिवस आहेत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं कराड, तिथून इस्लामपूर, आणि पुढं उसाच्या बैलगाडीच्या मागं पाय सोडून सासरवाडी. ही गेल्यापासून मी तिकडं फिरकलो नव्हतो. अंगणात नवाकोरा ट्रेलर उभा, आणि मागल्या खोलीवरची अर्धी कौलं उतरवून ठेवलेली. पाडव्याची वाट बघायचंही त्यांच्यानं झालं नव्हतं.

मेव्हण्यानं पाय धुवायला पाणी दिलं, पण बसायला घोंगडी टाकायच्या आधीच बोलून घेतलं. "दाजी, अक्काच्या हिश्श्याचं बोलाय आलासा व्हय? तसं असंल तर आधी सांगा, चार माणसं बोलावतो."

मी खिशातून नक्कल काढली. त्यानं वाचली. उसाची टोळी वागवणारा माणूस, कागदांनी फसलेला असणार कधीतरी. कागद उलटा करून मागं बघितलं.

"ह्यो कागुद नवा हाय."

मी सांगितलं, नक्कल आहे, खरा काचेत आहे. तो म्हणाला, काचेत तर काहीपण ठेवता येतं. पाळण्याचे स्क्रू मीच मोजले होते. मग तो म्हणाला, "तुमास्नी तर अक्काचं कवा पटलं न्हाई. हितं बसून तुमीच हसत हुतासा. आता ती गेल्यावर बरं खरं वाटाय लागलं."

हे त्यानं खोचून म्हटलं, आणि खरं म्हटलं.

सोप्यात माझी चुलत सासू बसलेली. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अंधुक. तिनं आतून आवाज दिला, "जावयबापू, काय लिवलंय त्ये मला वाचून दावा."

मी वाचलं. चौथी शिकलेला माणूस, अक्षर लावत लावत वाचलं. कायलीपाशी आलो तेव्हा ते वाक्य दोनदा वाचलं. म्हातारी ऐकून घेत होती. मी थांबल्यावर ती मेव्हण्याला म्हणाली, "ती काईल बाहीर हाय की. दावणीला उलथी पडलीया."

मेव्हणा म्हणाला, ती? ती तर बैलांना पाणी पाजायची.

"बैलं आत्ता पित्यात. माझी सासू तवा नवी नवरी हुती, तिनं सवता बघितली. सुईण मधी बसली, आन् दोघांनी पवत पवत ढकलीत आणलं. सुईण देवाच्या नावानं वरडत हुती."

आम्ही बाहेर जाऊन बघितली. जाड पत्र्याची, बुडाला ठिगळं मारलेली, कडा खाल्लेल्या. माझ्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. कशावरनं. हीच काईल कशावरनं, दुसरी कशावरनं नाही. तो शब्द मी गिळला. गिळायला जड गेला, पण गिळला.

मेव्हण्यानं कायलीवरनं हात फिरवला. मनात हिशेब करत ट्रेलरकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं. मग म्हणाला, ट्रेलर लिंबाखाली बी राहील. पण खोलीला माणूस पाहिजे. अक्का यायची वर्षाला दोनदा. आता कोण येणार सारवायला? न सारवलेली खोली वाळवी खाती, मग पाडायलाच लागती.

मी म्हणालो, "मी येतो."

तो हसला. म्हातारी पण हसली, दात नसलेल्या तोंडानं. गडीमाणूस सारवणार म्हणून शेजारची एक सून डोकावून गेली. पण मेव्हण्यानं संध्याकाळच्या आत माणसं लावून कौलं परत चढवली, आणि म्हातारीनं मला शेणाची पाटी दिली.

सारवायला काय लागतं हे मला माहीत नव्हतं. मी शेण पातळ केलं, मग घट्ट केलं. हात फिरवला तर बोटांच्या रेघा उठल्या, कोपऱ्यात गोळे राहिले. चाळीस वर्षं ही माझ्या घरात सारवत होती आणि मी एकदाही खाली बसून बघितलं नव्हतं. बाजेची जागा म्हातारीनं काठीनं दाखवली. तिथंच माझी लेक जन्मली होती, तिथंच तो इंजिनेर. त्या जागेवर मी दोनदा हात फिरवला.

दारात बसून म्हातारी बोटानं जमीन चाचपत होती. दिसत नव्हतं तरी चाचपून बघत होती.

"पोरीचा हात न्हाई ह्यो," ती म्हणाली. "पण वाळंल तवा बसंल. पुढल्या खेपंला दाराकडनं सुरवात करू नगा. मागल्या भितीकडनं घ्या, न्हायतर सवताच्याच सारवणावर पाय ठिवून बाहीर यावं लागतंय."

तिचं बरोबर होतं. मी मागल्या भिंतीपाशी पोचलो होतो आणि मधलं सगळं ओलं होतं. बाहेर पडायला वाट नव्हती. म्हणून ते वाळेपर्यंत मी तिथंच, भिंतीला पाठ लावून बसून राहिलो.